वाफ्यातली माती कोण नेतंय?

९ जानेवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद पाठवते आहे, घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, ते दाराखालून आत येतं आणि वाजत राहत नाही. तुम्ही दोघं येऊन गेलात तेव्हापासून तुझा आवाज ऐकला नाही. निघताना मी जावईबापूंची पिशवी उघडून बघितली, एवढंच ना झालं? आयुष्य मी कारखान्याच्या स्टोअरला काढलं. तिथे मॅनेजरचीसुद्धा पिशवी फाटकावर तपासत आणि तो हसत हसत उघडून दाखवायचा. तुझ्या नवऱ्याने मात्र तोंड पाडलं आणि तू टॅक्सीत बसताना मागे वळूनही पाहिलं नाहीस. पिशवीत काही निघालं नाही, हे मी तेव्हाच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं होतं. त्यावर आणखी काय करायला हवं होतं?

जाऊ दे. कळवायचं ते वेगळंच आहे. मी परसात भाजी लावणार आहे. गुडघ्यांनी संप पुकारलाय, डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे, आणि आपली जमीन तर अशी की कुदळ मारली तर कुदळच दुखावते. म्हणून जमिनीवरच फळ्यांचे मोठे खोके करायचे, कमरेइतके उंच, आणि त्यात माती भरून उभ्या उभ्या लावायचं. उंच वाफे. ही अक्कल माझी नाही, शेजारच्या घरातल्या बसवाल्यांची. तू लहानपणी त्यांना बसकाका म्हणायचीस तेच. आता बस चालवायचं सुटलंय, बायकोही गेली. त्यांच्या परसात असे तीन वाफे आहेत, काठोकाठ भरलेले.

मी बाजारातून तयार वाफा आणायला निघाले होते. त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली. म्हणाले, "वहिनी, एवढे पैसे कशाला घालवताय? लोक काय काय टाकून देतात ते आधी बघा."

मग माझ्याच जुन्या कारखान्यामागे पडलेली लाकडी पॅलेट आम्ही हातगाडीवर घालून आणली. माल ठेवायची तीच ती पॅलेट, जी मी उभा जन्म मोजून ठेवली, ती आता "घेऊन जा बाई, तेवढीच अडगळ कमी" म्हणून मिळाली. तेलाचे किंवा औषधाचे डाग असलेली बसवाल्यांनी बाजूला काढायला लावली. बाकीची आम्ही उचकटतो आहोत. खिळे मी सरळ करून पुन्हा वापरते.

मी त्यांना विचारलं, "तुम्हाला यात काय मिळणार?"

"टोमॅटो," ते म्हणाले.

ठके, टोमॅटोसाठी कोणी एवढं राबत नाही. "फुकट ते पौष्टिक" म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझं लक्ष आहे.

तुझी आई


२ फेब्रुवारी

चि. ठकीस,

उत्तर नाही. ठीक.

दोन वाफे उभे राहिले. एकाला बाजूने आपल्या न्हाणीघराचं जुनं दार लावलंय, कडीसकट. फळ्या उचकटताना उजव्या हाताला थोडं लागलं, विशेष काही नाही.

आता भरायचं कसं ते सांगते, तुझ्याकडे गच्ची आहे म्हणून. सगळी माती विकत आणली तर दिवाळं निघेल. म्हणून तळाला झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि ओंडके. त्यावर वाण्याकडची पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी काढून, भिजवून. त्यावर शाळेच्या मैदानातला पालापाचोळा, पोती पोती. आणि अगदी वर दुधावरच्या सायीसारखी माती, तेवढीच विकतची. दिसायला वाफा गच्च भरलेला दिसतो.

भरून झाल्यावर बसवाले हात झटकत म्हणाले, "हे खाली बसेल हो वहिनी. वरून भर घालत राहावी लागेल."

मी तेव्हाच मनात खूणगाठ बांधली. काही गायब व्हायच्या आधीच कारण सांगून ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या स्टोअरला एक होता, "बाई, साबण गरमीने झिजतो" म्हणायचा. झिजलेला साबण त्याच्या घरी सापडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

त्यांनी एक पोतं खत आणून ठेवलं होतं, स्वतःच्या वाफ्यातलं, काळंभोर. मी ते परत नेऊन त्यांच्या दारात ठेवलं. म्हटलं, "फुकटचं माझ्या घरात येत नाही." त्यांनी पोतं उचलून आत नेलं.

मागच्या फाटकाची किल्ली मात्र त्यांना द्यावी लागली. मी सकाळी गुडघ्यांच्या व्यायामाला दवाखान्यात जाते, तेव्हा पाणी कोण घालणार? बघू.

तुझी आई


२६ फेब्रुवारी

चि. ठकीस,

तुझं पार्सल आलं. चामड्याचे हातमोजे, बरोबर माझ्या मापाचे. आत चिठ्ठी नाही, पण पाकिटावरचं अक्षर तुझं. छान आहेत.

पण मला एक सांग. मी उघड्या हातांनी काम करते हे तुला कोणी सांगितलं? मी पत्रात "थोडं लागलं" एवढंच लिहिलं होतं. खिळा आरपार गेला हे मी कोणालाच कळवलेलं नाही. इंजेक्शन घ्यायला बसवाल्यांबरोबर गेले होते, म्हणजे त्यांना माहीत आहे. आणि दवाखान्यातल्या नर्सला. नर्स तुला ओळखत नाही.

असो. दुसरी गोष्ट. माती कमी होते आहे.

पालक आणि टोमॅटोची रोपं लावली तेव्हा माती फळीच्या वरच्या कडेला टेकली होती. आज ती इतकी खाली गेली आहे की हात घातला तर मनगट आत जातं. वारा नेत नाही, मी बघितलं. मांजर उकरत नाही, उकरलं तर खड्डा पडतो, इथे सगळं सपाटच्या सपाट खाली गेलंय. हे माणसाचं काम आहे, सावकाश, रोज थोडं थोडं नेणाऱ्या माणसाचं. स्टोअरमधून पोतं कधीच चोरीला जात नाही गं, मूठमूठ जाते.

आणि भिंतीपलीकडे बघितलं तर बसवाल्यांचे वाफे तुडुंब.

तुझी आई


२० मार्च

चि. ठकीस,

तू म्हणशील आईला वेड लागलंय. जरा ऐकून तर घे.

फाटकाला दोरा बांधला, दिसणार नाही असा. दवाखान्यातून आले तर तुटलेला. पण पाणी घालायला तेच येतात, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही. मग वाफ्याभोवती पीठ पसरलं, पावलं उमटावीत म्हणून. मुंग्यांनी मेजवानी केली. शेवटी वाफ्याच्या आतून फळीवर खडूने रेघ मारली, मातीच्या पातळीला. ही युक्ती लागू पडली. माती रेघेच्या खाली जाते आहे, यात आता शंका नाही.

पण परवा काय झालं माहीत आहे? माती रेघेच्या थोडी वर आलेली! मी चष्मा पुसून बघितलं. वर आलेलीच होती आणि रंगही जरा काळा. म्हणजे चोर मला येडं समजतो. चार घमेली न्यायची आणि एक परत टाकायचं, म्हणजे म्हातारीचा हिशेब चुकेल. आमच्याकडेही हे करायचे, डब्यात वर चांगला माल आणि खाली भुसा.

मागच्या गल्लीत, फाटकासमोर, इस्त्रीवाली बसते, तिला विचारलं, "माझ्या परसात कोण येतं-जातं बघतेस का गं?"

ती म्हणाली, "तुमच्याकडे कोण येतं बघत बसले तर लोकांचे शर्ट जळतील ना बाई! बसवाले येतात पाण्याला. अजून कोण येणार तुमच्याकडे?"

हे शेवटचं वाक्य तिने उगाच जोडलं. मला लागलं ते.

बसवाल्यांचा तिसरा वाफा हल्ली गोणपाटाने झाकलेला असतो. उन्हात भाजीचा वाफा झाकून कोण ठेवतं? त्या गोणपाटाखाली माझी माती आहे, दुसरं काय असणार.

संध्याकाळी ते भिंतीपाशी येऊन नेहमीसारखं बोलत होते, घेवड्याला काठ्या लावा म्हणून. मी हं हं करत त्यांच्या नखांकडे बघत होते. नखांत माती होती. आता बागकाम करणाऱ्याच्या नखांत माती असायचीच, हेही मला कळतं. तरी बघत होते. खरं सांगू, मला फार वाईट वाटत होतं. दिवसाकाठी माझ्याशी दोन वाक्यं बोलणारा तेवढाच एक माणूस आहे.

तुझी आई


११ एप्रिल

ठके,

पकडलं.

काल व्यायाम लवकर संपला. मी पुढच्या दाराने आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. बसवाले माझ्या वाफ्यावर वाकलेले, पाठ माझ्याकडे, हातात घमेलं. रोपांभोवती बोटं चालली होती. मी ओरडतच मागचं दार उघडलं. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे!

ते दचकले. घमेलं रिकामं होतं, म्हणजे भरायच्या आतच मी पोचले.

"वहिनी, आधी ऐका तरी."

"काय ऐकायचं? दोन महिने ऐकतेच आहे. खाली बसेल, खाली बसेल! माझी माती नेऊन स्वतःचे वाफे भरायला लाज नाही वाटली?"

माझा आवाज तुला माहीत आहे. गल्लीतली माणसं फाटकाशी जमा झाली. इस्त्रीवाली तर हातातला शर्ट घेऊनच आली. मी सगळ्यांसमोर चोर म्हणाले. हो, म्हणाले.

बसवाल्यांनी घमेलं खाली ठेवलं. खिशातून किल्ली काढून त्या न्हाणीघराच्या दाराच्या कडीला अडकवली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. निरपराध माणूस भांडतो, नाही का? मीही इतकी वर्षं हेच बघत आले.

मी नवं कुलूप आणलं. आणि तुला इथल्या बातम्या पुरवणारा जो कोणी आहे, त्याचीही सोय आता बंद झाली असावी. मला काय कळत नाही?

काल झोप मात्र नीट लागली नाही.

तुझी आई


२ मे

ठके,

कुलूप नवं आहे. किल्ली एकच आणि ती माझ्या गळ्यात. तरी माती खाली जाते आहे.

आधीपेक्षा जास्त वेगाने जाते आहे. टोमॅटोच्या मुळ्या उघड्या पडल्यात, एक रोप आडवं झालं. मी आधी म्हटलं, दुसरी किल्ली करून घेतली असणार. म्हणून आज ते बाजारात गेलेले बघून भिंतीवरून काठीने त्यांच्या तिसऱ्या वाफ्यावरचं गोणपाट बाजूला केलं. माझी माती डोळ्यांनी बघायची होती.

वाफा रिकामा होता. दोन वाफे गच्च, आणि हा खरवडून काढल्यासारखा, तळाच्या काटक्यांपर्यंत.

मी घरात येऊन बसले. मग उठले आणि माझ्याच वाफ्यात हात घातला, हातमोज्यांशिवाय. पुठ्ठा शोधत होते. पुठ्ठा नाही. त्याच्या जागी ओलसर काळं काहीतरी आणि गांडुळं, किती गांडुळं गं! पालापाचोळ्याची ती एवढी पोती, त्यांचा जेमतेम ओंजळभर थर. ओंडका दाबला तर बोटांत मऊ लागला. सगळं खाली कुजून, बसून, आवळून गेलंय. कोणी काही नेलेलंच नाही. त्यांनी भरल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि रेघेच्या वर आलेली ती काळी माती. रिकामं घमेलं.

ते टाकून झालेलं घमेलं होतं ठके. मी व्यायामाला गेले की ते आपल्या वाफ्यातलं खत माझ्या रोपांना आणून घालत होते. समोरून दिलं असतं तर मी परत केलं असतं. केलंच होतं.

आज एवढंच. जास्त लिहवत नाही.

आई


६ मे

चि. ठकीस,

काल सकाळी गेले. घरात जाऊन हळूच सांगता आलं असतं, पण चोर गल्लीत म्हटलं होतं, मग माफीही गल्लीतच मागायला हवी. बसवाले फाटकाबाहेर उभं राहून कुंपणाला पाणी घालत होते. इस्त्रीवालीकडे दोघं-तिघं उभी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी तुम्हाला चोर म्हणाले. चोरी झालीच नव्हती. उलट तुम्हीच तुमची माती माझ्याकडे आणून टाकत होतात. माझं चुकलं."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. बसवाल्यांनी पाणी बंद केलं नाही.

"माती बसते, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"ऐकलं होतं."

"मग?"

"विश्वास ठेवला नव्हता."

पाईप दुसऱ्या झाडाकडे गेला. मग ते म्हणाले, "वाफ्याचं काही नाही हो वहिनी, पाला काय कुठेही मिळतो. पण त्या दिवसापासून ही इस्त्रीवाली माझे कपडे माझ्यासमोर मोजून देते. आधी कधी मोजत नव्हती. ते मला फार लागलं."

इस्त्रीवालीने मान खाली घातली. मीही घातली. माझ्या एका ओरडण्याने एवढं झालं, आणि ते आता माझ्या माफीने लगेच पुसलं जाणार नाही, हे मला तिथे उभं असताना कळलं.

मी परत निघाले तर त्यांनी हाक मारली. म्हणाले, "अजून एक. ठकीचा दर रविवारी सकाळी मला फोन येतो."

खरं सांगते, पहिला विचार मनात हाच आला की बघा, माझा संशय खरा निघाला! मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. मग स्वतःचीच शरम वाटली. दर रविवारी माझी चौकशी करणारी मुलगी आणि तिला ती सांगणारा शेजारी, आणि मला त्यातही चोर पकडल्याचं समाधान!

"ती विचारते, हात बरा झाला का, व्यायामाला जाते का, जेवते का नीट. मी सांगतो. तुम्ही मला चोर ठरवलंत ते मात्र नाही सांगितलं. आई मजेत आहे, वाफ्यांत रमली आहे, असंच सांगत गेलो. चार रविवार खोटं बोललो पोरीशी. मला नाही जमत ते. यापुढे तुमचं तुम्हीच सांगा."

म्हणून सगळं लिहिलं. त्यांनी न सांगितलेलं आणि मी लपवलेलं. हात बरा आहे, पण अंगठा अजून पूर्ण वळत नाही. व्यायामाला त्या भांडणानंतर मी गेलेलेच नाही, वाफ्यावर पहारा देत होते. जेवण एकदाच करते, एकटीसाठी दोनदा चूल पेटवायचा कंटाळा येतो. तुझी फार आठवण येते.

मी त्यांना विचारलं, "येत्या रविवारी तिचा फोन आला तर मी उचलू का?"

त्यांनी नळ बंद करून पाईप गुंडाळला आणि म्हणाले, "या. पण चहा तुमचा तुम्ही आणा." हसले नाहीत. माझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी घाईही नाही.

घरी आल्यावर वाटलं, तुला काही न कळवताच उचलावा. तू "बसकाका" म्हणशील आणि मी बोलायला लागेन, मग काय ठेवशील फोन? माझा हात अशा कामात बसलेला आहे. पण नको. पकडलेलं माणूस पिशवी उघडून दाखवतं ठके, मन नाही. तुझ्या नवऱ्याशीही मला बोलायचं आहे, त्यांची इच्छा असेल तर.

म्हणून आधी कळवते. हे पत्र पोचायला वेळ लागेल, तेव्हा येता रविवार सोडून पुढच्या रविवारी मी बसकाकांच्या ओट्यावर असेन आणि फोन मी उचलेन. तुला नको असेल तर त्या दिवशी फोन करू नकोस. नाही आला, तर मी कोणाला काही विचारणार नाही. तू आजारी होतीस की रागात, की पत्रच पोचलं नाही, काहीच शोधत बसणार नाही. घरी येईन आणि वाफ्यात भर घालेन.

तुझी आई